होकायंत्रातला चैतू

चांदा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता आणि जमीनदाऱ्या नुकत्याच मोडल्या होत्या, त्या दिवसांतली ही गोष्ट. आलापल्लीला लाकडाच्या आगारामागे भैयाजी चिताडे नावाचे गृहस्थ राहत. एका सागवानाच्या ठेकेदाराकडे लाकडाची मापं घेण्याचं काम ते करीत, पण ते पोटापुरतं. खरा जीव त्यांचा जुन्या वस्तूंत. कुठे डाकबंगला दुरुस्तीला निघाला, कुठे कचेरीतलं सामान लिलावात आलं, कुठे एखाद्या मोजणीदाराची विधवा घर आवरायला लागली, की भैयाजी पिशवी घेऊन हजर. माणूस गेल्याची बातमी गिधाडांच्या आधी यांना लागते, असं आगारातले लोक म्हणत, आणि तेही यांच्या तोंडावर. भैयाजी हसत आणि पुढच्या गावाची वाट धरत.

घराची मागची खोली त्यांनी या सामानाने भरून टाकली होती. कापडावर चिकटवलेले नकाशे होते, नद्यांची निळाई उडून नुसत्या भेगा राहिलेले. मोडीतलं वैद्यकाचं एक बाड होतं, अर्धं वाळवीने खाल्लेलं. हवेचा दाब सांगणारं गोल यंत्र होतं, ते कुठल्या तरी बंगल्याच्या भिंतीवर वादळाच्या खुणेशी येऊन थांबलं होतं आणि नंतर कितीही ऊन पडलं तरी तिथून हललं नव्हतं. दुर्बीण होती, जमीन मोजायची साखळी होती. आणि भर समुद्रात जहाज कसं हाकावं, याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तकसुद्धा होतं. प्राणहिता नदीतल्या डोंग्यापलीकडे ज्या मुलखात कुणी काही हाकलं नाही, तिथे हे पुस्तक कुणी आणलं आणि का, हे देव जाणे. भैयाजींना मात्र ते फार आवडे. हे मिठाच्या पाण्याचे डाग, असं म्हणून ते त्याच्या पानांवरून बोट फिरवत.

मनकर्णा, म्हणजे त्यांची बायको, त्या खोलीचा उंबरा ओलांडत नसे. झाडू दाराशीच थांबे. मेलेल्यांच्या वस्तूंत त्यांचा जीव घोटाळतो, असं तिचं म्हणणं. भैयाजी तिची थट्टा करीत; पितळ ते पितळच, म्हणत. पण दिवेलागणीनंतर तेसुद्धा त्या खोलीत फारसे जात नसत, आणि गेलेच तर खोकत जात.

त्यांना एकच मुलगी झाली होती, भागीरथा. परकर सावरत पळायच्या वयात हिवतापाने गेली. दिवस झाल्यावर मनकर्णाने पोरीचं होतं नव्हतं ते सगळं एका टोपलीत भरलं. परकर, पाटी, बांगड्या, चिंध्यांची बाहुली. सगळं प्राणहितेत सोडून आली. घरात काही मागे ठेवलं तर पोरीचा पाय अडतो, तिला पुढे जाता येत नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. पोरीची वाट मोकळी झाली, एवढं एकच वाक्य ती पुढची सगळी वर्षं बोलत आली. त्या वाक्याच्या आधारावर ती उभी होती, असं म्हटलं तरी चालेल.

पण एक वस्तू त्या टोपलीत गेली नव्हती. भैयाजींनी पोरीला खेळायला एक लहानसं पितळी होकायंत्र दिलं होतं, चुन्याच्या डबीएवढं. ती ते हातात धरून अंगणात गरगर फिरे आणि आपण एवढ्या फिरतो तरी काटा फिरत नाही, म्हणून हसत सुटे. मनकर्णाने त्या दिवशी विचारलं तेव्हा भैयाजींनी सांगितलं, की ते मागेच कुठेतरी हरवलं. बायकोशी ते एवढं एकच खोटं बोलले. होकायंत्र खोलीतल्या कपाटात, नकाशांच्या मागे, एका डब्यात होतं. ते कधी उघडून बघत नसत. आहे, एवढं त्यांना पुरत होतं.

मोहाचा हंगाम सरत आला असताना एक दिवस सुकरी त्यांच्या ओसरीवर येऊन बसली. मरकागुड्याची गोंड बाई, केस पिकलेले, अंग काटक. पानात गुंडाळलेलं काहीतरी तिने पोटाशी धरलं होतं. बाजारच्या दिवशी कुणीतरी तिला सांगितलं होतं, की आलापल्लीचा एक भाऊ अशा वस्तू जिवंत करतो. तिने पानं सोडली. आत एक होकायंत्र निघालं, तळहाताएवढं, हळदीने आणि धुराने काळं पिवळं झालेलं. भैयाजींनी ते उजेडात धरलं. असं जुनं, असं देखणं काम त्यांनी फक्त चित्रात पाहिलं होतं. कडेला लंडनच्या कुठल्याशा कारागिराचं नाव खोदलेलं होतं, त्यात तांदळाचे कण अडकले होते.

मग सुकरीने सांगितलं. तिचा नवरा चैतू इंग्रजांच्या वेळी मोजणीच्या साहेबाचं सामान वाहायचा. इंद्रावतीला पूर आला, त्यात तो गेला. देह सापडला नाही. गोंडांत मेलेल्या माणसाचा जीव नदीवरून घरी परत आणायची रीत. नाहीतर तो रानोमाळ भटकतो. गावची जाणती माणसं काठावर गेली, चैतूला नावाने हाक मारली आणि काय हलतं ते पाहत बसली. कुणाला पाण्यात मासोळी दिसते, कुणाला गवतावर किडा. त्यांना खडकावर साहेबाचं हे यंत्र दिसलं, चैतूच्याच झोळीतून पडलेलं. आणि आत काटा थरथरत होता. तेव्हा सगळ्यांनी ओळखलं. त्यांनी त्याला घरी आणलं, पेनांच्या, म्हणजे देवांच्या, शेजारी बसवलं. साहेब तोवर निघून गेला होता. तेव्हापासून सुकरी रोज आपल्याआधी त्याला जेवण दाखवत आली. यंदा मोह पडायला लागला आणि काटा हलायचा थांबला.

"बोलते का नाई, थे पाहून दे भाऊ," ती म्हणाली. "रुसला आहे का गेला, येवढंच सांग. गेला असन तं मी मंग येकटी आहो. थे मले समजलं पायजे."

भैयाजींना हसू आलं नाही. एरवी कुठल्याही भुताखेताच्या गोष्टीला नाक मुरडणारा हा माणूस, पण तिच्या आवाजात असं काही होतं, की ते गुपचूप यंत्र घेऊन आत गेले. मनात हावही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. हे यंत्र आपल्या कपाटात कसं दिसेल, याचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आधीच उभं राहिलं होतं.

काच निघाली. काटा गंजला होता, ज्या टोकावर तो तोललेला असतो त्या टोकालाच धरून बसला होता. भैयाजींनी तेलाचा थेंब सोडला, वाट पाहिली, मग चिमट्याने अलगद उचलायला गेले. आणि काटा मधोमध मोडला. आवाजसुद्धा झाला नाही. गंजाने आतून खाऊनच टाकला होता त्याला. दोन तुकडे त्यांच्या तळहातावर पडले आणि बाहेर ओसरीवर सुकरी चैतूशी बोलावं तसं हळू आवाजात काहीतरी बोलत बसली होती.

आता इथे दुसऱ्या कुणी काय केलं असतं, सांगता येत नाही. बाहेर जाऊन 'बाई, मोडला' म्हणणं एवढंच काम होतं. भैयाजींची छाती झाली नाही. ते कपाटं उचकटू लागले. एका होकायंत्राचा काटा लांब होता, दुसऱ्याचा कागदाच्या चकतीला डकवलेला, तिसऱ्याची काटा तोलणारी टोपी फुटलेली. शेवटी हात नकाशांच्या मागे गेला. डबा उघडला. भागीरथाचा काटा लख्ख होता. त्यांनी तो काढला. काढताना त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे त्यांना पुढे कितीही विचार केला तरी आठवलं नाही. एवढं आठवे, की लहान काटा मोठ्या घरात बसवताच तो एकदा गर्रकन फिरला आणि उत्तरेला तोंड करून उभा राहिला.

सुकरीने यंत्र हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. हलवलं, पुन्हा पाहिलं. मग भैयाजींकडे पाहिलं. ती रडेल, असं त्यांना वाटलं होतं. ती रडली नाही. तिने पानं पुन्हा गुंडाळली, चारोळ्यांची पुरचुंडी ओसरीवर ठेवली आणि निघाली. चैतूच्या काट्याचे तुकडे भैयाजींनी टाकले नाहीत. टाकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी ते पोरीच्या रिकाम्या होकायंत्राशेजारी, त्याच डब्यात ठेवून दिले.

त्यानंतर खोली बिघडली.

दुसरा शब्द नाही. वस्तू होत्या तिथेच होत्या, पण भैयाजी दार उघडत तेव्हा आत कुणीतरी नुकतं बोलायचं थांबलं आहे, असं वाटे. कपाटातली होकायंत्रं एकदा पाहिली तर सगळ्यांचे काटे जरा वाकडे झालेले, डब्याच्या बाजूला कललेले. भैयाजींनी स्वतःला समजावलं, लोखंड ओढतं, त्यात काय. पण गंजलेल्या एवढ्याशा तुकड्यांत तेवढी ओढ नसते, हे त्यांच्याइतकं आसपास कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी डबा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी काटे तिकडे कलले. मग त्यांनी बघणंच सोडलं. जेवायला बसले की घास अडे. मागच्या खोलीत कुणी उपाशी बसलंय आणि ताटाचा आवाज ऐकतंय, असं मनात येई, आणि एकदा आलं की ते काही केल्या जात नसे.

आणि याहून वाईट दुसरंच. पोर घरात नव्हती. इतकी वर्षं ती कपाटात आहे, हे त्यांनी स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं. आता ती नाही, हे मात्र त्यांना भिंतीगणिक जाणवू लागलं. तिकडे रानात तिला कुणी चैतू म्हणून हाक मारतंय. तिच्यापुढे मोहाची दारू ठेवतंय. हिवतापात पाणी मागत गेलेली पोर, आणि तिला म्हाताऱ्याच्या नावाने दारू. भैयाजी आगारात मापं चुकू लागले. ठेकेदाराने एकदा विचारलंसुद्धा, की भैयाजी, लागीर झालं का. ताटातलं उरलेलं अन्न पाहून मनकर्णाची नजर मागच्या दाराकडे जाई.

शेवटी एक दिवस ते मरकागुड्याला निघाले. पोरीला परत आणायचं, एवढंच ठरलं होतं. कसं, काय सांगून, हे ठरलं नव्हतं. दुपार कलता कलता पोचले. सुकरी अंगणात टोऱ्या, मोहाची फळं, फोडत बसली होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं, आणि का आलास, हे विचारलं नाही. भैयाजींनी दारातून आत पाहिलं. कोपऱ्यात सारवलेल्या ओट्यावर होकायंत्र होतं. त्याच्यापुढे दारूचा दोना नव्हता. वाटीत दूध होतं, आणि शेजारी चिंचोके मांडून ठेवले होते, पोरं खेळायला मांडतात तसे.

भैयाजी खाटेवरून उठले. ते तिथेच भुईवर बसले.

"हा माहा मानूस नोहे," सुकरी टोऱ्या फोडत म्हणाली. "थे मले तुह्या ओसरीवरच समजलं. चैतू दमानं हलत होता, मंग बसत होता. हे लेकरू आहे. थरथर थरथर करते, मंग येकदम उभं राह्यते. कोनाचं आहे म्हून मी इचारलं नाई. कोनाच्या घरी बसाले नाई भेटलं असन, तं राहू दे म्हटलं."

मग भैयाजींनी सगळं सांगितलं. पोर, ताप, नदी, टोपली, बायकोशी बोललेलं खोटं, मोडलेला काटा. सांगताना ते रडले, आणि रडताना त्यांना लाज वाटली नाही. सुकरीने हातातला दगड खाली ठेवला होता. काटा मोडला, या बोलण्यावर ती रागावेल म्हणून ते थांबले. माणूस म्हातारा झाला की मोडतोच, एवढंच ती म्हणाली. मग तिने विचारलं, आता तो कुठे आहे. भैयाजी म्हणाले, माझ्याकडेच आहे, टाकला नाही, कपाटात नीट डब्यात ठेवलाय.

"तं मंग त्याले जेवाले कोन देते तिथी?" सुकरीने विचारलं.

पुढे आयुष्यभर कुणी काही विचारलं, की त्यांना आधी हाच प्रश्न ऐकू येई.

सुकरी उठली. शेजारणीला दूध ठेवायला सांगितलं, पोरीच्या वाटीत, आणि भैयाजींबरोबर चालू लागली. पोरीला तिने आणलं नाही. आधी माझा माणूस पाहू दे, त्याच्यापुढे दोन घास ठेवू दे, मग तुझं लेकरू न्यायचं तर ये, असं म्हणाली. रात्री वाटेतल्या तिच्या नात्यातल्या घरी टेकून ती दोघं सकाळी आलापल्लीला पोचली. भैयाजी आत जाऊन डबा घेऊन आले. सुकरीने दोन्ही तुकडे तळहातावर घेतले, त्यांच्यावर फुंकर घातली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ गोंडीत बोलत राहिली. मनकर्णा चुलीजवळून पाहत होती. तिने एका पानावर भात आणि वरण वाढलं आणि सुकरीपुढे ठेवलं. जिवंत बाईला वाढलं की मेलेल्या माणसाला, हे तिचं तिलाच ठाऊक.

मग तिची नजर डब्यावर गेली. आतलं लहान पितळी होकायंत्र, चुन्याच्या डबीएवढं. ते ओळखायला तिला क्षणही लागला नाही. भैयाजींनी मान खाली घातली. बोलायचं सगळं सुकरीच बोलली, सरळ आणि थोडक्यात. पोर यात होती. आता माझ्या घरी आहे. आणून दे म्हणाल तर आणून देते.

मनकर्णा भिंतीला टेकून बसली. तिचा तो एवढी वर्षं धरून ठेवलेला आधार, वाट मोकळी झाल्याचा, भैयाजींच्या डोळ्यांदेखत सुटला. पोर गेलीच नव्हती. हाकेच्या अंतरावर, या भिंतीपलीकडे होती, आणि आई तिथे पाऊल टाकत नव्हती. ती ओरडेल, कपाळ बडवेल, नवऱ्याला शिव्या घालेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते सगळं सोसायचं ठरवलं होतं. पण ती सुकरीकडे वळली.

"तुझ्याजवळ रडत नाई ना थे?"

"पैले रडे. आता नाई."

मनकर्णाने डोळे पुसले. भैयाजी अजून मनात म्हणत होते, की आता ही म्हणेल, आणा पोरीला. मग ते आणतील. स्वच्छ पाटावर ठेवतील. रोज दूध देतील, चिंचोके मांडतील. खोलीतलं सगळं सामान बाहेर काढावं लागलं तरी काढतील. त्यांची सगळी आशा बायकोच्या तोंडाकडे लागली होती.

"तं राहू दे तुझ्याकडंच," मनकर्णा म्हणाली. "इथी तिले कोनी जेव म्हटलं नाई. पोरगी दिली म्हनीन मी. लेकीले कुठीतरी द्यावंच लागते."

भैयाजींनी बाप म्हणून आपला हक्क सांगावा, तर सांगायला काय होतं? कपाट होतं. मनकर्णा उठली, चुलीवरचा भात उतरवला आणि सुकरीला आणखी वाढलं. दोघी बायका बराच वेळ बोलत बसल्या. पोरीला काय आवडायचं, कशाने पोट दुखायचं, झोपताना काय लागायचं, सगळं मनकर्णा सांगत होती आणि सुकरी मान हलवत होती. भैयाजींना कुणी बाहेर जा म्हटलं नाही, आत या म्हटलं नाही.

ऊन उतरल्यावर सुकरी निघाली. तुकडे तिने पदराच्या गाठीत बांधले होते आणि गाठीवर हात होता. भैयाजी आगाराच्या कोपऱ्यापर्यंत तिच्या मागे गेले. तिथे त्यांनी धीर करून विचारलं, मी कधी पोरीला बघायला आलो तर चालेल का.

"येजो ना," सुकरी म्हणाली. "बाप आहेस. पन रिकाम्या हातानं नको येजो. लेकरू वाट पाह्यते."

भैयाजी घरी परतले ते थेट मागच्या खोलीत गेले. बाजारच्या दिवशी जायचं, म्हणजे आतापासून काहीतरी काढून ठेवायला हवं. ते एकेक कपाट उघडत गेले. दुर्बीण हातात घेतली आणि ठेवली. नकाशे उलगडले आणि गुंडाळले. जहाजाचं पुस्तक चाळलं. साखळी, मापं, काचा, वाळवीने खाल्लेलं बाड, सगळं एकदा हातातून गेलं, सगळं पुन्हा जागेवर गेलं. जन्मभर गावोगाव फिरून, मेलेल्यांच्या दारात उभं राहून त्यांनी ही खोली भरली होती. एका लहान पोरीसाठी घेऊन जावं, असं त्या खोलीत काहीच नव्हतं.